आतड्याच्या तारा

मला किळस लवकर येते. चहाच्या कपाला चिकटलेली साय, ओल्या पायपुसण्यावर पडलेलं पाऊल, लिफ्टच्या आरशात बघून दात कोरणारा माणूस. आई म्हणायची, "हिचं नाक म्हणजे घरादाराला ताप आहे." अशी मी हार्प शिकायला लागले आणि टिकले, याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतं. लोकांना हार्प म्हटलं की पऱ्या आठवतात, पांढरे झगे आठवतात. डोंबलाच्या पऱ्या! सुरुवातीची वर्षं हार्प म्हणजे नुसते फोड. बोटांच्या टोकांना पाण्याने भरलेले फोड येतात, ते तारेवरच फुटतात, तार चिकट होते, खालची कच्ची कातडी लाल दिसते, आणि त्याच बोटाने पुन्हा तीच तार ओढायची असते. मग तिथे घट्टा पडतो, पिवळट आणि टणक. काही दिवसांनी तोही सोलून निघतो. भात कालवला की मीठ झोंबायचं, म्हणून मी चमच्याने जेवायचे आणि आई म्हणायची, "आल्या मोठ्या मड्डम."

शिकवणाऱ्या बाई कॅम्पात राहायच्या. आमच्या शाळेत त्या पियानो शिकवायच्या, तेव्हा म्हाताऱ्या झालेल्याच होत्या. मी त्यांना मिस म्हणायचे. गॅदरिंगच्या गाण्याची तालीम त्यांच्या घरी असायची. तिथे कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी उभं होतं. एकदा मी चादर बाजूला केली. माझ्या छातीइतकं उंच, तिकोनी लाकडी वाद्य, वरपासून खालपर्यंत उभ्या तारा, मधेच एखादी लाल, एखादी काळी. मी हात पुढे केला तर मिसने मनगट धरलं. मला वाटलं, आता ओरडणार. त्या म्हणाल्या, "पहिला हात धू. साबण लाव." हाच माझा पहिला धडा.

ते हात धुणं कशासाठी ते पुढे कळलं. एकदा वाजवताना तार तुटली आणि सटकन गालावर बसली. मिसने तिचा तुकडा माझ्या हातात दिला. "हे आतडं आहे," त्या म्हणाल्या. "जनावराचं. म्हणून असा आवाज येतो. तेल लागलं की तार मरते, पाणी लागलं की फुगते, मग तुटते." मी न्हाणीघरात जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, दारात उभी राहिले आणि घरी निघून जावं असा विचार केला. मग परत येऊन बसले. मिसने मुद्दाम एक नायलॉनची तार लावून ऐकवली, आणि तो आवाज म्हणजे दुधाच्या जागी दुधाची पावडर. एकदा खरं ऐकलं की पावडर गळ्याखाली उतरत नाही. किळस गिळली आणि वाजवत राहिले.

मिस गोव्याला बहिणीकडे राहायला गेल्या, तेव्हा हार्प मला देऊन गेल्या. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत ते आलं, तेव्हा जिन्यातून वर चढवताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "नवीन चरखा का हो?" मी म्हटलं, "हो, सूत काढून विकणार आहे." पुण्यात उत्तर दिल्याशिवाय जिना चढता येत नाही.

हार्प बाहेरच्या खोलीत, आजोबांच्या लोखंडी कॉटसमोर उभं राहिलं. आजोबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. आईला स्वयंपाक, पप्पांना ऑफिस आणि संघटनेच्या बैठका. माझा रियाज ऐकायला घरात रिकामा माणूस एकच. रियाज म्हणजे काय, तर त्याच चार सुरांची तीच शिडी, वर आणि खाली, तासभर. ऐकणाऱ्याने जीव द्यावा असा प्रकार. आजोबा मात्र कॉटवर मांडी घालून, डोळे मिटून बसायचे. त्यांना सुरातलं काही कळत नव्हतं, पण मी अडखळले की डोळे न उघडता म्हणायचे, "तितं ठेचकाळलीस बग." नेमकं तिथेच बोट चुकलेलं असायचं. मिस गेल्यानंतर मी जी काही वाढले, ती त्या एका वाक्यावर. रियाज संपला की ते आपल्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा घ्यायचे आणि एकेक तार वरून खाली पुसायचे. बाळाचं अंग पुसावं तसं.

आणि तारा कशाच्या आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं.

हे मी का बोलले नाही, ते सांगते. गावात आमच्या घराच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. कोणाच्या गोठ्यात बैल मेला की निरोप यायचा आणि आजोबांनी, त्यांच्या बापाबरोबर, तो पायाला दोर बांधून शिवेबाहेर ओढत न्यायचा, सोलायचा. धम्मदीक्षा घेतली आणि घराने ते काम टाकलं. गाव चिडलं, वाणसामान बंद झालं, आणि तरुण आजोबा पुण्याला आले ते आलेच. त्यानंतर आमच्या घरात मटण शिजायचं, मासे शिजायचे, पण वजडी, म्हणजे बकऱ्याची आतडी, कधी नाही. आईला वजडी म्हणजे जीव की प्राण. ती येरवड्याला माहेरी जाऊन खाऊन यायची आणि आल्या आल्या साडी बदलायची, कारण आजोबांना पदराचा वास यायचा. ते ताट बाजूला सारून उठून जायचे.

तर हा माणूस उद्या माझ्यासमोरूनही असाच उठून गेला असता. कॉट रिकामी झाली असती आणि मी भिंतीला वाजवून दाखवत बसले असते. ते मला झेपणारं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, बॅडमिंटनच्या रॅकेटला असतं तसं काहीतरी प्लास्टिक असेल. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कोणाच्या बापाचं काय गेलं!

तोवर मी हडपसरला एका कंपनीत लागले होते. सॉफ्टवेअर तपासायचं काम. दुसऱ्याने केलेल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाला आयतीच नोकरी. इमारत काचेची, बाहेर अजून उसाचा तुकडा उभा, आणि आत वासांचं प्रदर्शन. लॉबीत रूम फ्रेशनरचा खोटा मोगरा. गालिच्याला मोज्यांचा वास. पँट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये सगळ्यांच्या भाज्यांचा मिळून एक वास, तो संध्याकाळपर्यंत केसांत राहायचा. शी! आणि या सगळ्यावर मोठ्या अक्षरांत पाटी, आम्ही जागतिक दर्जाचे आहोत म्हणून.

एचआरच्या मॅडमना कुठून तरी कळलं की मी हार्प वाजवते. "अगं, सो एक्झॉटिक! यू मस्ट प्ले!" खंडेनवमीला ऑफिसात मशीनची पूजा असायची, त्या दिवशी घरच्यांनाही बोलवायचे, आणि नेमका त्याच दिवशी परदेशी क्लायंट येणार होता. मी लॉबीत वाजवायचं ठरलं. मी नाही म्हणणार होते. ज्या लोकांना चहाचा कप कुठे ठेवावा कळत नाही, त्यांच्यापुढे काय वाजवायचं? गाढवाला गुळाची चव काय! पण घरी जेवताना सहज बोलून गेले आणि आजोबांनी मान वर केली. "म्हंजी मानसांम्होरं वाजिवनार तू?"

पप्पा म्हणाले, "पूजेला आपलं काय काम?"

"पूजेला कोन जातंय," आजोबा म्हणाले. "मी पोरीचं ऐकाया जातोय."

झालं. मी हो म्हणून टाकलं. त्यांनी मला इतकी वर्षं खोलीत ऐकलं होतं, ठेचकाळताना ऐकलं होतं. एकदा त्यांनी मला खुर्चीवर बसून, चार लोकांत, न ठेचकाळता ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

आदल्या दिवशी हार्प टेम्पोने लॉबीत नेलं. दिवसभरात त्याची जी दशा झाली ती माझ्या डोळ्यांनी बघितली. एकाने पायथ्यावर कॉफीचा कप ठेवला. एकाने समोसा खाऊन झाल्यावर, तीच तेलकट बोटं घेऊन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्रकन फिरवली आणि "वॉव" म्हणाला. मी रुमालाने एकेक तार पुसत बसले, तर एक विद्वान शेजारी येऊन विचारतो, "माउथ ऑर्गनलाच हार्प म्हणतात ना? मग हे काय?" मी म्हटलं, "हे माउथ ऑर्गनच. फार फुंकलं म्हणून फुगलंय."

खंडेनवमीला आजोबांनी पांढरा सदरा आणि पांढरी पँट घातली. ते कपडे खरं म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी कडक इस्त्री करून ठेवलेले होते. "उद्या परत घालीन," म्हणाले. रिक्षात सदरा चुरगळू नये म्हणून पाठ न टेकता बसले, बिबवेवाडी ते हडपसर.

लॉबीत शिरलो तर प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ, सर्व्हरच्या खोलीच्या दाराला आंब्याची पानं, आणि माझ्या हार्पच्या मानेत झेंडूचा हार. पुढच्या पातळ लाकडावर ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली. ते लाकूड म्हणजे वाद्याचा प्राण असतो. कुंकवाचा ओघळ खाली येऊन वाळला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण आजोबा पहिल्या रांगेत खुर्चीवर जाऊन बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत फोटो काढायला बसवल्यासारखे. मी हार काढला, बाजूला ठेवला आणि तोंडाला कुलूप घातलं.

पूजा अ‍ॅडमिनचे साहेब करत होते. कपाळाला गंध, सोवळं नेसलेले आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. गुरुजी मंत्र म्हणत होते. क्लायंट फोटो काढत होता. नारळ फोडला, करवंटीतलं पाणी विड्याच्या पानाने शिंपडायची वेळ आली, आणि साहेबांचा हात कॉम्प्युटरवर थबकला. "इथे नको," ते म्हणाले. "शॉर्टसर्किट होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. इंजिनियर ना सगळे. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, त्यांना विजेची वायर नसलेली एकच वस्तू दिसली, आणि करवंटीतलं उरलेलं सगळं पाणी त्यांनी भक्तिभावाने माझ्या हार्पवर ओतलं.

"अहो, काय करताय!" मी किंचाळले. "पाणी नका घालू! आतड्याच्या तारा आहेत त्या!"

"कशाच्या?"

आता तरी गप्प बसावं की नाही? पण पाणी तारांवरून खाली ओघळत होतं, आणि माझं डोकं फिरलं की जीभ माझी राहत नाही. "आतड्याच्या," मी म्हटलं. "गुरांच्या आतड्याच्या. कळलं?"

साहेबांनी हात असा मागे घेतला, जणू निखाऱ्याला लागला. करवंटी खाली ठेवली. पुढे उभ्या असलेल्या बाईंनी साडीच्या निऱ्या वर उचलल्या. कालचा तो समोसेवाला आपली बोटं पँटला पुसायला लागला. काल तेलकट हात लावताना त्याला काही वाटलं नव्हतं. कोणीतरी हात धुवायला बेसिनकडे गेलं आणि त्याच्यामागे रांग लागली. एचआरच्या मॅडम पुटपुटल्या, "यू शुड हॅव टोल्ड अस, यार." साहेबांनी मात्र आवाज चढवला नाही. पुण्यातला सभ्य माणूस आवाज चढवत नाही. ते हसून म्हणाले, "असो. आपल्यात चालत असेल. आम्हाला आधी कल्पना दिली असतीत तर बरं झालं असतं."

माझं आडनाव त्यांना माहीत होतं. 'आपल्यात' म्हणताना त्यांनी मला नव्हे, पांढऱ्या सदऱ्यातल्या आजोबांना पाहिलं.

एवढ्यावर थांबले असते तरी पुरे होतं. पण गुरुजींनी पिशवीतून एक बाटली काढली आणि जिथे हार्प उभं होतं तिथे फरशीवर गोमूत्र शिंपडलं. गुराचं आतडं म्हणजे विटाळ, आणि गुराचं मूत म्हणजे शुद्धी! मला खरंच उमासा आला. तो बिचारा क्लायंट हाही विधीचाच भाग समजून फोटो काढत होता. आणि सगळे माझ्याकडे बघत होते, घाण मी केली होती म्हणून. त्या क्षणी मला त्या काचेच्या इमारतीची, त्या मोगऱ्याची, त्या हसऱ्या सभ्य तोंडांची जी किळस आली, तशी मला गटाराचीही कधी आली नव्हती.

मग मी आजोबांकडे वळले. ते त्यांच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते आपल्या हातांकडे बघत होते.

मी काही वाजवलं नाही. हार्प मागच्या दाराने टेम्पोत चढवलं. आजोबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, बिबवेवाडी येईपर्यंत हात अंगापासून लांब धरून. घरी आल्यावर सरळ मोरीत गेले. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, हुंगले आणि पुन्हा धुतले. आई विचारत राहिली, काय झालं, काय झालं. मी सगळं सांगितलं. पप्पा संतापले, साहेबाच्या नावाने शिव्या दिल्या, उद्याच तक्रार करू म्हणाले. आजोबा जेवले नाहीत. कॉट हार्पकडे तोंड करून होती. ते भिंतीकडे तोंड करून पडले.

पहाटे एक तार तुटली. नंतर आणखी एक. ओलं आतडं सुकताना ताणलं जातं. मिसने सांगितलं होतं तसंच. मी अंथरुणात पडून ऐकत होते. आजोबाही जागे होते, मला कळत होतं.

सकाळी त्यांनी तोच सदरा घातला, विहारात वंदनेला जाऊन आले. दुपारी मी हार्पवरचं कुंकू ओल्या बोळ्याने काढत बसले होते. डाग जात नव्हता. आजोबा कॉटवर बसले, पण कडेला, उठायच्या बेतात असल्यासारखे. मी म्हटलं, "आजोबा, मी नायलॉनच्या तारा लावते. सगळ्या काढून टाकते."

त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढली. मग म्हणाले, "त्या सायबानं हात मागं घ्येतला, तवा मला राग याया पायजे हुता. आला न्हाई."

"का?"

"माजाबी हात मागं आला, पोरी. गुडघ्यावरचा हात मी बी मागं घ्येतला. त्याचं त्वांड आन् माजं त्वांड त्या वक्ताला येकच झालं आसंल." ते थांबले. "आयुष्यभर ते त्वांड मी समोरनं बगितलं. काल माज्याच अंगावर आलं. शी."

मी बोळा पिळला.

"तारा काडू नगं," ते म्हणाले. "मी बगतो माजं."

ते उठले आणि हार्पजवळ आले. इतकी वर्षं त्यांनी त्या तारा पुसल्या होत्या, पण छेडली एकही नव्हती. "लई जाड कंची यातली?" मी बोटाने दाखवली. त्यांनी ती तार दोन बोटांनी धरली, ओढली आणि सोडली. खोलीत खालचा सूर घुमला. तो विरेपर्यंत ते मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांचे ओठ वाकडे झाले, हात तोंडावर गेला आणि ते मोरीकडे धावले.

मी मागे गेले. ते कठड्याला धरून ओकत होते. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडत होतं. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली. चूळ भरली. सदऱ्यावर शिंतोडे उडाले होते, ते पंच्याने टिपले. भिंतीला धरत बाहेर आले आणि कॉटवर, आपल्या नेहमीच्या जागी, मांडी घालून बसले. चेहरा पांढराफटक, डोळ्यांत पाणी.

"वाजीव," ते म्हणाले. "आन् मी उठून ग्येलो, तरी मधी थांबू नगं."